चार सेकंदांचा दिवा

१

लॉगबुकात दोनशे चौदा नंबरच्या पानानंतर एकदम दोनशे सोळा नंबरचं पान होतं.

मधलं पान कोणीतरी फाडलं होतं. ओरबाडून नव्हे, पट्टी लावून, शिवणीच्या अगदी कडेनं. पांढरी, पिवळी, गुलाबी अशा तिन्ही प्रती गायब होत्या. नूतननं बोट फिरवून पाहिलं. कड सुरीनं कापल्यासारखी सरळ लागली.

"बघा मॅडम," स्टेशन मॅनेजर प्रेमराज म्हणाले, "हे पुस्तक शेवटचं कोणाच्या हातात होतं? कॅप्टन ज्योत्स्नाबाईंच्या. मी आणखी काय सांगू?"

नूतन जामनेरची. पुण्यात गिरणा एअर या छोट्या विमान कंपनीत ती सुरक्षा अधिकारी होती. वयाची पंचेचाळिशी गाठलेली, बोलणं कमी, ऐकणं जास्त. गुरुवारी सकाळी ती रेल्वेनं जळगावला उतरली आणि सामानासकट विमानतळावर आली, कारण कंपनीचं जळगावचं एकमेव विमान आदल्या दिवसापासून जागेवर उभं होतं.

झालं होतं ते असं. बुधवारी सकाळी पुण्याला जायचं विमान तयार होतं. बासष्ट प्रवासी बसले होते. कॅप्टन ज्योत्स्ना सोनवणेनं उजवं इंजिन सुरू केलं आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. चार सेकंद राहिला आणि विझला. तिनं इंजिन बंद केलं. इंजिनियर अभिमन बोरसे आले, त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, काढून पाहिली. तेल फुल. त्यांनी लॉगबुकात तसं लिहून सही केली. इंजिन पुन्हा सुरू केलं, तर दिवा लागला नाही. सगळे म्हणाले, चला. ज्योत्स्ना म्हणाली, "मी नेणार नाही."

प्रवाशांना उतरवलं. आरडाओरडा झाला. कोणीतरी चित्रीकरण केलं आणि दुपारपर्यंत ते सगळ्या खान्देशात पोचलं. कंपनीनं ज्योत्स्नाला घरी बसवलं. शुक्रवारी दुपारी पुण्यात तिची चौकशी होती. आणि त्यातच हे पान गेलं.

"त्या पानावर काय होतं?" नूतननं विचारलं.

"मंगळवार संध्याकाळची नोंद. इंजिनियरनं सगळं ठीक आहे असं लिहिलं असणार. ते पान राहिलं असतं तर बाईंनी उगाच विमान अडवलं हे सिद्ध झालं असतं." प्रेमराजनी आवाज खाली आणला. "मला त्यांचं वाईट करायचं नाही हो. पण बासष्ट माणसांच्या शिव्या मी एकट्यानं खाल्ल्यात."

"विमान आता कधी उडणार?"

"उद्या सकाळी. दिव्याचा सेन्सर बदलला. पुण्याहून दुसरे कॅप्टन येताहेत."

म्हणजे तिच्या हातात एक दिवस होता.

२

मंगळवारी संध्याकाळी विमान आणलं होतं कॅप्टन चंदननं. तो सुट्टीवर गेला होता, पण फोन लागला.

"मी नोंद केली होती मॅडम," तो म्हणाला. "धावपट्टीवर उतरून जोरात ब्रेक लावला तेव्हा उजव्या इंजिनचा तेलाचा दिवा लुकलुकला. जेमतेम क्षणभर. मी ते लिहिलं आणि बाहेर पडलो. गाडीत बसेपर्यंत मदतनीस ललित पुस्तक घेऊन आला. खाली 'काडी तपासली, फुल' असं लिहून बोरसे आबांची सही झालेली होती."

"आबांना सही करताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही. सही आधीच होती."

प्रेमराजचा अंदाज अर्धा चुकला होता. त्या पानावर 'ठीक आहे' होतं, पण त्याच्या वर दिव्याची नोंदही होती, आणि ती ज्योत्स्नाच्या बाजूची होती. मग ती ते पान कशाला फाडेल?

अभिमन बोरसेंना सगळा विमानतळ आबा म्हणायचा. चौतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन महिने. तंत्रज्ञांच्या खोलीत ते खिडकीशी बसले होते. झुलालनं, म्हणजे सामान चढवणाऱ्या माणसानं, त्यांच्यासमोर चहा ठेवला. बाकीच्यांना कप, आबांना स्टीलचा मोठा पेला, तोही अर्धाच भरलेला. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला.

"ताई, काडी मी स्वतः पाहिली," ते म्हणाले. "तेल फुल होतं. देवाशप्पथ सांगतो. दिवा खोटा बोलला असेल."

"आणि ज्योत्स्ना?"

आबा खिडकीबाहेर पाहायला लागले. पलीकडे कुंपणाला लागून केळीची बाग होती. "पोरगी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "ती माझ्याच हाताखाली शिकली, धुळ्याला. तिला चौकशीला उभं करताहेत हे मला... जाऊ द्या."

त्यांचा मदतनीस ललित पाटील कोपऱ्यात हत्यारं पुसत होता. छत्तीस वर्षांचा, अबोल. प्रत्येक पाना त्याच्या आकाराच्या खाचेत परत जात होता.

"पान कोणी फाडलं असेल, ललित?"

"मला काय माहीत मॅडम." त्यानं मान वर केली नाही. "बुधवारी इतका गोंधळ होता."

नूतन बाहेर पडली तेव्हा झुलाल मागोमाग आला. तो पारोळ्याकडचा. "ताई, एक सांगू? आबा देवमाणूस शे. बठ्ठास्ले, सगळ्यांनाच माहीत शे. तेस्ले काही करू नका."

"मी काही करत नाही, भाऊ. अर्धा पेला चहा कधीपासून घेतात ते?"

झुलालचा चेहरा उतरला. "होळीपासून," तो म्हणाला आणि झपाझप निघून गेला.

३

लॉगबुकाची जुनी पानं नूतननं प्रेमराजच्या टेबलावर पसरली. नोंदी तिला नंतर वाचायच्या होत्या. आधी ती नुसत्या सह्या पाहत गेली.

जानेवारीतली आबांची सही जरा डळमळीत होती. फेब्रुवारीत 'बोरसे'मधला 'ब' कापरा झाला होता. मार्चच्या मध्यापर्यंत ओळ सोडून खाली घसरायला लागली होती. आणि होळीनंतर एकदम सुधारली. एप्रिल, मे, पुढे थेट नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक सही रेखीव आणि शिक्का मारल्यासारखी एकसारखी होती.

मग आलं दोनशे सोळा नंबरचं पान, बुधवारची सकाळ. ज्योत्स्ना समोर उभी असताना केलेली सही. ती पुन्हा कापरी, मार्चपेक्षाही वाईट.

म्हातारपणी सही सुधारलेला माणूस नूतननं पाहिला नव्हता.

तिनं पुस्तक मिटलं आणि धुळ्याची गाडी केली.

ज्योत्स्नाचं माहेर देवपूरला, पांझरा नदीच्या अलीकडे-पलीकडे करणाऱ्या रिक्षांच्या वर्दळीपासून जरा आत. दार तिच्या आईनं उघडलं. ज्योत्स्ना आतल्या खोलीत चौकशीचे कागद घेऊन बसली होती. बत्तीस-तेहेतीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"पान तुम्ही फाडलंत?" नूतननं बसता बसताच विचारलं.

"नाही."

"काडी फुल होती. दुसऱ्यांदा दिवा लागला नाही. मग अडवलंत कशाला?"

"कारण पहिल्या चार सेकंदांचं उत्तर मला कोणी दिलं नाही." ज्योत्स्ना शांतपणे बोलत होती, पण हातातला कागद तिनं चुरगाळला होता. "दुसऱ्या वेळी लागला नाही, हे उत्तर नाही ना ताई. आदल्या संध्याकाळीही लागला होता, चंदनसरांनी लिहिलेलं मी वाचलं होतं. दोनदा लागलेला दिवा मागे सोडून मी वर जाऊ? वर गेल्यावर विचारायचं कोणाला?"

"पण सही आबांची होती."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेच तर. मला काडी वाचायला ज्यांनी शिकवलं त्यांची सही मी नाकारली, तीही चारचौघांत. त्यांचा चेहरा पाहिला मी. चौकशीची मला भीती नाही, ताई. त्यांच्या चेहऱ्याची वाटते."

आईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि भरीत आणून ठेवलं. खाता खाता ज्योत्स्ना जुन्या दिवसांत गेली. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर तेव्हा एक छोटी विमानशाळा होती, आता बंद पडली. आबा आठवड्यातून दोनदा तिथं शिकवायला यायचे. पत्र्याच्या पेटीत जुन्या इंजिनांचे सुटे भाग आणायचे.

"प्रत्येक भागाला हिरव्या रंगाचा ठिपका असायचा. आबा म्हणायचे, हिरवा ठिपका म्हणजे ही वस्तू शिकवायची, उडायची नाही. चुकून खऱ्या विमानाला लागू नये म्हणून."

नूतनचा घास हातात राहिला.

"त्या पेटीत काडी होती?"

"होती ना. तिच्यावरच तर शिकलो."

४

परतीच्या वाटेवर नूतननं गाडीतच लॉगबुकाच्या पानांचे फोटो उघडले. आता तिला नोंदी वाचायच्या होत्या, आणि त्यातली एकच: तेल कधी भरलं.

प्रत्येक इंजिन थोडं तेल खातं. डावं इंजिन दर चार-पाच दिवसांनी एक डबा घेत होतं. उजवंही तसंच, वर्षभर. चार नोव्हेंबरला उजव्यात एक डबा भरल्याची नोंद होती. त्यानंतर नऊ तारखेला डाव्यात. चौदाला डाव्यात. एकोणीसला डाव्यात. चोवीसला डाव्यात.

उजव्यात चारनंतर एकदाही नाही. तीन आठवडे त्या इंजिननं तेल मागितलंच नव्हतं.

इंजिनं आपोआप बरी होत नाहीत. इंजिन तेल खातच होतं. काडी मात्र रोज 'फुल' सांगत होती. म्हणजे चार तारखेनंतर काडी बदलली होती.

आणि चंदनचा दिवा? ब्रेक लावल्यावर लुकलुकलेला? तांब्यात नळी बुडवली तर, तो भरलेला असला की कलंडवला तरी नळीत पाणी राहतं. अर्धा असला की कलंडल्या क्षणी नळी कोरडी पडते. ज्योत्स्नाचा दिवाही तसाच. रात्रभर खाली उतरलेलं थोडं तेल सकाळी वर चढायला चार सेकंद लागले. दुसऱ्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ते आधीच चढलेलं होतं.

दिवा खरं बोलत होता. नवीन सेन्सरही खरंच बोलला असता, पण कदाचित ढगांत गेल्यावर.

नूतननं प्रेमराजना फोन लावला. "उद्याच्या विमानाला माझी परवानगी नाही. आधी उजव्या इंजिनचं तेल पूर्ण उतरवून मोजायचं."

"मॅडम, काडी फुल आहे!"

"म्हणूनच," नूतन म्हणाली.

५

शुक्रवारी सकाळी सात वाजता विमानाभोवती चौघंच होते. नूतन, प्रेमराज, आबा आणि ललित. नूतननं जमिनीवर पांढरं फडकं अंथरलं.

"दोन्ही काड्या काढा."

ललित चढला. डाव्या इंजिनची काडी त्यानं टोपणासकट काढून दिली, मग उजव्या इंजिनची. नूतननं त्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, टोपणाला टोपण लावून.

उजवी काडी दोन बोटं जास्त लांब होती.

लांब काडी खोल जाते आणि तेल खाली गेलं तरी खुणेपर्यंत भिजते. नूतननं टोपणाच्या आट्यांमध्ये नख फिरवलं आणि बोट उन्हात धरलं. नखाच्या टोकाला हिरव्या रंगाचा कपचा होता.

मग तेल उतरवलं. मापाची भांडी भरत गेली आणि मध्येच धार बारीक झाली. निम्मंसुद्धा निघालं नव्हतं.

प्रेमराज मटकन टायरशेजारच्या ठोकळ्यावर बसले. "बासष्ट माणसं," ते म्हणाले. "आणि मी त्या बाईला म्हटलं, तुमच्या भीतीपायी कंपनी बुडवाल."

"आबांनी काही केलेलं नाही," ललित अचानक मोठ्यानं बोलला. "पान मी फाडलं. सह्या मी करत होतो. मला न्या."

"पान तू फाडलंस हे मला कळलं होतं," नूतन म्हणाली. "इतकी सरळ कड कापायला स्थिर हात लागतो, आणि नीटनेटकेपणाची सवय. हत्यारं पुसताना तुला पाहिलं तेव्हाच वाटलं. होळीपासूनच्या सह्याही तुझ्याच. रोजची पानं कोणी उलटून पाहत नाही. पण दिव्याची नोंद असलेलं पान सगळे पाहणार होते, आणि त्याच्या शेजारीच आबांची खरी सही होती. खरं ना?"

ललितनं मान हलवली. "तीन वेळा परीक्षेत नापास झालो मी. चौथ्यांदा आबांनी घरी ठेवून घेऊन शिकवलं. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा म्हटलं, दोन महिने, चार महिने, निभावून नेऊ. तेल मी स्वतः बघायचो मॅडम, रोज. कामात कसूर नाही केली. काडीचं मला माहीत नव्हतं."

"माहीत होतं ते मला," आबा म्हणाले.

ते फडक्याजवळ गुडघे टेकून बसले होते. दोन काड्यांकडे पाहत होते, पण हात लावत नव्हते.

"चार तारखेला तेल भरताना काडी हातातून निसटली. काँक्रीटवर पडून टोक वाकलं, सरळ करायला गेलो तर मोडलं. नवीन काडी मागवायची तर कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू, हात थरथरतो? सकाळचं विमान रद्द झालं असतं. मेहरूणला घरी ती शिकवायची पेटी होती. तीच जात, तेच आटे. मला वाटलं, मापही तेच असणार. वरचा रंग खरवडून काढला आणि बसवली. सुरुवातीला तेल 'फुल'च्या वर दिसायचं. समजलो, जरा जास्त पडलं असेल."

"शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, आबा?"

आबांनी लांब काडीच्या टोकाला बोट लावलं.

"नाही पाहिल्या. पाहिल्या असत्या तर कळलं असतं, ताई. म्हणूनच पाहिल्या नाहीत बहुतेक." त्यांनी बोट मागे घेतलं. "बुधवारी त्या पोरीच्या तोंडावर मी सांगितलं, दिवा खोटा आहे. तिनं माझं ऐकलं असतं तर?"

ललितनं त्यांना काखेत हात घालून उठवलं. दूर कुंपणापाशी उभा असलेला झुलाल टोपी काढून डोळे पुसत होता.

नूतनला असा शेवट नको होता. पानाच्या मागे कोणी लबाड माणूस निघाला असता तर तिचं काम सोपं झालं असतं.

"आबा," ती म्हणाली, "पुण्यातली चौकशी दोन वाजता आहे. तिथं मी इथूनच काड्यांचे फोटो पाठवेन. पण ज्योत्स्नासाठी बोलणारा माणूस तुम्ही असलात तर बरं होईल. फोनवरून चालेल."

"फोनवर नाही," आबा म्हणाले. "तोंड दाखवून बोलतो. व्हिडिओ लावा."

६

चौकशी अकरा मिनिटांत संपली. आबा पडद्यावर दिसले, त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, कोणावर ढकललं नाही. शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी त्या विमानापाशी एकच माणूस आपलं काम बरोबर करत होता. तो माणूस कॅप्टन सोनवणे." समोर बसलेल्या ज्योत्स्नानं तोंडावर रुमाल धरला होता.

ती सोमवारपासून कामावर आली. आबांनी आपला परवाना स्वतः परत पाठवला. पुढची चौकशी सरकारी खात्याकडे गेली आणि तिलाही ते मान खाली न घालता सामोरे गेले. ललितला सहा महिने घरी बसवलं. नूतननं त्याच्याबद्दलच्या अहवालात सह्या आणि पान दोन्ही लिहिलं, काहीही सौम्य केलं नाही. पण तेल रोज पाहत होता हेही लिहिलं, त्यामुळे त्याला परत येता आलं. उजव्या इंजिनमध्ये एक सील झिजलेलं निघालं. खरी काडी असती तर आठवड्याभरात कळलं असतं.

प्रेमराजनी एक गोष्ट केली जी त्यांना कोणी सांगितली नव्हती. बुधवारच्या प्रवाशांची यादी घेऊन ते दोन दिवस फोन करत बसले. प्रत्येकाला सांगितलं, त्या बाईंनी विमान का अडवलं आणि तेल किती निघालं. त्या दिवसाचं चित्रीकरण पसरवणाऱ्या माणसानं फोन ठेवण्याआधी विचारलं, "त्यांचा नंबर मिळेल? माफी मागायची आहे."

आबांच्या हातांच्या आजाराला नाव मिळालं मे महिन्यात, जळगावच्या डॉक्टरांकडून. पुढच्या तपासण्या पुण्याला करायच्या ठरल्या. त्यांची पत्नी लताबाई म्हणाल्या, रेल्वेनं जाऊ. आबांचं म्हणणंही तेच होतं. विमानतळावर पुन्हा पाय ठेवायचं त्यांचं मन होत नव्हतं.

पण तिकिटं घरी आली. कोणी काढली ते विचारायचं कारण नव्हतं.

त्या सकाळी लोक चढत असताना ज्योत्स्ना कॉकपिटमधून बाहेर आली आणि चौथ्या रांगेपाशी थांबली. आबांनी वर पाहिलं. दोघांची भेट त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच होत होती. लताबाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

"पोरी," आबा म्हणाले, "मी तुझ्याशी खूप वाईट वागलो."

"आबा, तुम्ही मला शिकवलंत," ज्योत्स्ना म्हणाली. "इतर दिवसांचं जाऊ द्या, त्या दिवशी ते कामी आलं." ती खाली वाकली. त्यांना पट्टा लावता येत नव्हता, बकल सारखं हुकत होतं. तिनं ते हळूच त्यांच्या हातातून घेतलं आणि लावून दिलं. "आज तेल पाहिलंय. दोनदा. दुसऱ्यांदा मी स्वतः."

"तिसऱ्यांदा कोणी पाहिलं?"

"तुम्ही विचारालच म्हणून ललितनं. आजच रुजू झाला तो. त्याच्याकडून पाहून घेतलं."

आबा हसले. किती तरी महिन्यांनी लताबाईंनी ते हसू पाहिलं.

इंजिनं सुरू झाली. विमान हळूहळू वळलं आणि धावपट्टीच्या टोकाकडे निघालं. लताबाईंना विमानाची सवय नव्हती. त्यांनी भीतीनं आबांचा हात घट्ट धरला आणि काही विचारायला त्यांच्याकडे वळल्या.

आबांचे डोळे मिटलेले होते. चौतीस वर्षांत एकदाही विमानात त्यांचा डोळा लागला नव्हता. कान सतत इंजिनाकडे असायचा. विमानानं धाव घेतली तरी ते जागे झाले नाहीत, हलकेच घोरत राहिले.